नेपाळला जाऊन अनाथाश्रम बघायचाय? या चुका टाळा

भुसावळहून गोरखपूर, मग सोनौली बॉर्डर, मग काठमांडू. आपल्या जळगाव-धुळ्याच्या कॉलेजच्या पोरांची ही ट्रिप आता कॉमन झालीये आणि पशुपतिनाथ झालं की "सर, एखाद्या अनाथाश्रमात जाऊ ना" हे ठरलेलं. पोरांचं मन चांगलं असतं, म्हणूनच जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आतल्या मुलांना आईबाप नाहीत असं धरून चालणं. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. हुम्लासारख्या डोंगरी जिल्ह्यांतून दलाल शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं आणतात, आणि बालगृहं बहुतेक दाटलेली काठमांडू, पोखरा, चितवन भागात, म्हणजे टुरिस्ट जिथे तिथे. एका ग्रुपसोबत मी होतो, व्हिजिट हॉटेलवाल्याने जुळवलेली, गेटवर कोणी नाव विचारलं नाही की ओळखपत्र मागितलं नाही, मुलांनी ओळीत उभं राहून गाणं म्हटलं, आमच्या पोरी रडायला लागल्या, आणि मागच्या कपाटात बघतो तर कोणी कोणी दिलेली नवीन दप्तरं प्लास्टिकसकट तशीच, मुलांच्या पायात मात्र झिजलेल्या स्लीपर. एका पोराला विचारलं घरी कोण असतं, तो पटकन बोलला, "मम्मी है, गांव में." तिथल्या माणसाने त्याला लगेच आत पाठवलं. आम्ही निघालो तेव्हा दुसऱ्या ग्रुपची गाडी आत येत होती.

आपल्या नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याचे आईबाप मजुरीला गुजरातेत जातात, पोरं आश्रमशाळेत असतात. त्यांना कोणी अनाथ म्हणून दाखवलं तर चालेल का आपल्याला?

मी आधी बालगृहाला मेल टाकतो, नोंदणी आहे का, मुलांना घरी परत पोचवायचं काम करता का, अनोळखी माणसांना आत सोडता का. शेवटच्या प्रश्नाला "या की, कधीही या" असं उत्तर आलं की तिथे जायचंच नाही.

चार दिवस इंग्रजी शिकवायला जाऊ नका. लळा लावून निघून जायचं हे मुलांच्या जिवाला लागतं, 2019 मध्ये युनोच्या महासभेनेसुद्धा टुरिझममधल्या अशा व्हॉलंटियरिंगचे धोके ठरावात मांडलेत. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, पण माझा नाइलाज आहे.

रोख पैसे हातात देऊ नका.

मुलांचे चेहरे स्टेटसला नकोत. भारतात तर बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 खाली अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

मदतच करायची तर मुलांना घरी पोचवणाऱ्या संस्था शोधा, बीकॉमवाल्यांनी त्यांचे हिशोब बघा, कॉम्प्युटरवाल्यांनी वेबसाइट सांभाळा, हे घरबसल्या वर्षभर होतं.