कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी चार्जच होत नव्हती, असं सुटलं (माझा अनुभव)

ऑक्टोबरात, म्हणजे न्यूझीलंडच्या वसंतात, आम्ही चौघं मित्र जुनी डिझेल व्हॅन घेऊन क्राइस्टचर्चहून टेकापोला गेलो. दिवसा छान ऊन, पण रात्री तिकडे पारा शून्याजवळ येतो. पहाटे तीनला हीटर बंद, फ्रिज बंद, लाइट मिणमिणता. दिवसभर गाडी चालवूनही मागची बॅटरी (हीटर, फ्रिज, लाइट हिच्यावरच चालतात, पुढची इंजिनची वेगळी) उतरलेली! सगळे म्हणाले बॅटरी गेली, नवीन घे. मला पटेना, कारण ती सहाच महिन्यांपूर्वी बसवली होती.

सकाळी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला तर पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट आणि मागच्या बॅटरीवर फक्त ११.९, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) ठणठणीत होता, करंट मधेच कुठेतरी अडत होता. मग इंजिन बंद करून वायर धरत धरत गेलो, रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच) बरोबर होता, पण सीटखालच्या मोठ्या फ्यूजचं झाकण काढलं आणि बघतो तर टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड, आणि नट बोटानं फिरत होता!

आधी दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह वायरी काढल्या (हे विसरू नका, पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते), टर्मिनल पॉलिश पेपरनं तांब्याचा रंग दिसेपर्यंत घासलं, दहाच्या पान्यानं नट आवळला, वरून थोडं व्हॅसलीन. परत इंजिन चालू केलं, मागे १३.९! त्या रात्री पुकाकी तलावाच्या काठावर हीटर सकाळपर्यंत चालला आणि माउंट कुकवर ऊन पडताना आम्ही गरम चहा पीत होतो.