जंपसूट बसल्यावर ओढतो? कंबरेच्या वर वाढवा

नाशिकच्या उन्हाळ्यात सैल कॉटनला पर्याय नाही, म्हणून मेन रोडवरून कापड आणलं, धुवून आटवलं आणि विकतच्या पॅटर्नवरून जंपसूट शिवायला घेतला. आधी मांजरपाटाचा ट्रायल पीस घातला तर छाती-कंबर परफेक्ट, पण खाली बसलं की खांदे खेचले जायचे आणि आसन (दोन पायांमधला शिवणीचा भाग) काचायचं! अशावेळी मोठी साइज घेऊ नका, त्याने रुंदीच जास्त वाढते. टेप खांद्यावरून पुढून, पायांमधून, मागून परत त्याच खांद्यापर्यंत फिरवा. या मापात बसायची ढिलाई धरून पाहिलं तर माझा पॅटर्न २ इंच कमी पडत होता, मग पुढच्या-मागच्या दोन्ही भागांवर कंबरेच्या वर लांबी वाढवायची जी रेष छापलेली असते तिथे कापून १-१ इंचाची कागदी पट्टी चिकटवली, साइडची रेघ जुळवून घेतली. आता स्कूटीवर बसा नाहीतर मांडी घालून, कुठेच ओढत नाही. पुढे चेन असेल तर तीही १ इंच लांब घ्या.