ओळखीच्या नंबरवरून आलेली लग्नपत्रिका: या चुका टाळा

कॉलेजात असताना प्रिंट काढायला नेट कॅफेत जायचो. घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला की त्यात 'न्यू फोल्डर' नावाचं एक जास्तीचं पिवळं फोल्डर दिसायचं. त्यावर डबल क्लिक केलं की कॉम्प्युटर आडवा! ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं चित्र लावलेली ईएक्सई फाइल, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम होता. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (.exe) लपवून ठेवतं, म्हणून कळायचं नाही. शिवाय पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम क्लिक न करता आपोआपही सुरू होऊ शकायचा; ती सोय मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर अपडेट पाठवून बंद केली ती २०११ मध्ये. तोवर 'जपून वापरा' हे आम्हालाच ऐकावं लागलं. याचा राग मला अजून आहे.

गेल्या वर्षी मामांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' आली, तीही ओळखीच्या नंबरवरून. नावाच्या शेवटी एपीके. डाव तोच जुना. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ; एपीके म्हणजे अ‍ॅप. मामांनी इन्स्टॉल केलं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागितली तीही दिली. खरी चूक ही दुसरी. एसएमएस हाती लागले की बँकेचा ओटीपी गेला आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कोडही गेला. त्या कोडने चोर आपलं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या फोनवर सुरू करतो, म्हणून तर असली पत्रिका ओळखीच्या नंबरवरून येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावा. मग नुसता कोड चोरून भागत नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे मामा दोन दिवस गप्प बसले. लाज वाटली म्हणाले. मामा, लाज तुम्हाला कशाला? एसएमएसवर आलेले सहा आकडे हीच तिजोरीची किल्ली, हे तुम्ही ठरवलं नव्हतं.

असं झालंच तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतर जे पैसे जातात ते बँकेला भरून द्यावे लागतात. म्हणून आधी फोन, साफसफाई नंतर.

अ‍ॅपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब असू शकतं, तेव्हा सेटिंगमधली अ‍ॅप्सची पूर्ण यादी बघा. 'अनइन्स्टॉल' दाबता येत नसेल तर 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'मध्ये जाऊन त्याचा अधिकार आधी काढा. तरी शंका उरली तर फोटो दुसरीकडे घेऊन फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा.

मामांच्या नंबरवरून तीच पत्रिका अख्ख्या भावकीत गेली होती. आम्ही दोघांनी संध्याकाळभर बसून एकेकाला फोन केला. दोघींनी ती उघडली होती.