शेअरचं चॅनल बघायचंय? आधी म्यूट करा

आमचे सदाशिव पेठेतले काका रिटायर झाले आणि दिवसभर शेअर बाजाराचं चॅनल लावून बसायला लागले, चौथ्या दिवशी काकू म्हणाली एक तर हा डबा राहील नाहीतर मी. तेव्हा काकांना जे शिकवलं तेच इथे टाकतोय.

पहिलं काम म्हणजे आवाज बंद. खरंच सांगतोय. अमेरिकेत 1981 ला फायनान्शियल न्यूज नेटवर्क हे पैसा-बाजाराच्या बातम्यांचं चॅनल निघालं, 1989 ला तसंच दुसरं, सीएनबीसी आलं आणि दोनच वर्षांत त्यांनी त्या जुन्या चॅनललाच विकत घेतलं. बाजार चालू असेपर्यंत कोणीतरी बोलत राहायलाच हवं, तो आरडाओरडा तिथूनच आलाय. आपल्याकडे सीएनबीसी इंडिया डिसेंबर 1999 ला सुरू झालं. त्याच वर्षी तेव्हाचे अर्थमंत्री यशवंत सिन्हांनी बजेट संध्याकाळी 5 वरून सकाळी 11 ला आणलं, टीव्हीवाल्यांना अजून काय पाहिजे! त्याआधी काका भाव बघायचे ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, नाहीतर ब्रोकरला फोन.

आता स्क्रीनच्या खाली भाव दाखवत सरकणारी पट्टी. समजा एका शेअरपुढे 842.50 आणि हिरवा बाण 6.20 दिसला. पहिला आकडा शेवटच्या सौद्याचा भाव, दुसरा कालच्या बंद भावापासूनचा फरक, म्हणजे काल 836.30 ला बंद झाला होता. इथेच सगळे फसतात, काकापण फसले. शेअर सकाळी 850 ला उघडला असेल तर हिरवा दिसत असूनही सकाळपासून साडेसात रुपये पडलेलाच आहे की! म्हणून 9:15 ला उघडलेला भाव वहीत लिहून ठेवायचा, पट्टी तो सांगत नाही.

सेन्सेक्स म्हणजे 30 मोठ्या कंपन्यांच्या भावांचा मिळून एक आकडा, निफ्टी तसाच 50 कंपन्यांचा, तुमचा शेअर त्यात नसेल तर वरचा मोठा आकडा बघून बीपी वाढवू नका.

आवाज कधी चालू करायचा? रिझर्व्ह बँकेची व्याजदराची पॉलिसी, बजेट आणि ज्या कंपनीचा शेअर तुमच्याकडे आहे तिचा नफा-तोट्याचा रिझल्ट, एवढंच. आणि चॅनलवर आलेला कोणी पाहुणा एखादा शेअर "घ्या घ्या" म्हणत असेल तर त्याच्या स्वतःकडे तो शेअर आहे का ते बारीक अक्षरात कुठे दाखवतात ते आधी बघा, काकांना त्यासाठी चष्मा पुसावा लागतो.

काकू आता शेजारी बसून भाजी निवडते.