ॲपमध्ये सकाळ-दुपार दाखवण्याआधी

मागच्या रब्बीत शेतीपंपाच्या लाईटचं वेळापत्रक दाखवणारं ॲप केलं, केज तालुक्यातल्या आमच्या गावापुरतं. त्या आठवड्यात लाईट रात्री १२:३० ला येऊन सकाळी ८:३० ला जायची. ॲपवर आलं ‘सकाळी १२:३०’. मामा भर उन्हात स्टार्टरपाशी जाऊन बसले. संध्याकाळी फोनवर म्हणाले, ‘‘अरे, सकाळी साडेबारा म्हंजी दिवसाचेच की.’’ हरभऱ्याचं घाटे भरायच्या वेळचं पाणी हुकलं. म्हणून हे लिहितोय.

वेळ साठवताना २४ तासांची, टाइमझोनसकट. हे माहीतच असेल.

पहिलं काम रात्रीचे बारा ते एक. माझ्या कोडमध्ये तास बारापेक्षा कमी असला की ‘सकाळी’, नाहीतर ‘दुपारी’. रात्री साडेबाराला तास असतो शून्य, म्हणून ‘सकाळी’ लागलं. आकडा दाखवताना शून्याचे बारा केले, तेही रीतसरच. दोन्ही जोडून जे झालं ते मामांनी वाचलं. तेव्हा शून्याचा तास वेगळा काढा, त्यापुढे ‘रात्री’ लिहा.

नुसतं एएम-पीएमही ठेवू नका. १२ एएम म्हणजे मध्यरात्र, हे शिकलेल्या माणसालाही थांबून आठवावं लागतं. चार ते सहा पहाट, मग बारापर्यंत सकाळ, चारपर्यंत दुपार, पुढे संध्याकाळ, आठनंतर रात्र, असे भाग पाडा. वेळ कशी दाखवायची हे कोडला अक्षरांनी सांगतात, तो फॉरमॅट. त्यातल्या स्मॉल ‘ए’ने एएम-पीएम असे दोनच भाग मिळतात. कॅपिटल ‘बी’ने असे शब्द मिळतात, पण तुमचं ॲप ज्या जुन्यात जुन्या फोनवर चालणार आहे त्यावर आधी बघा. आणि तिथेही बघायचं काय, तर रात्रीचे साडेबारा.

आता वार. ‘सोमवारी रात्री साडेबारा’ म्हटलं की गावाकडे सोमवारचं जेवण झाल्यानंतरची रात्र धरतात. फोनच्या हिशेबाने तो मंगळवार. नुसतं ‘मंगळवार, रात्री १२:३०’ लिहिलंत तर माणूस बॅटरी घेऊन एक दिवस उशिरा शेतात जाईल, रात्रीच्या थंडीत, विंचूकाट्यातून. ‘सोमवार-मंगळवारमधली रात्र’ असं सरळ लिहा. जागा जास्त लागली तर लागू द्या. सर्व्हरवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर आपले रात्रीचे १२:३० तिथे आदल्या दिवशीचे १९:०० असतात. तारीख आधी भारतीय वेळेत आणा, मगच वार काढा.

मराठी लोकेलमध्ये, म्हणजे भाषेची सेटिंग मराठी असली की, आकडे देवनागरी येतात. ते दाखवायला ठीक, सर्व्हरला पाठवायला नाहीत. फॉरमॅटमधला स्मॉल एच बारा तासांचा, कॅपिटल चोवीसचा. फोनची २४ तासांची सेटिंग पाळा, तरी ‘रात्री’ राहू द्या.

नोटिफिकेशन, विजेट: तोच कोड वापरा, दुसरा लिहू नका. शेवटी ००:००, ००:३०, ११:५९, १२:००, १२:३०, २३:५९ लावून बघा. घाई असेल तर निदान ००:३०, आणि स्क्रीन घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवून विचारा, मोटर कधी लावाल?