‘मॅकबेथ’मधील काळ : लिहिताना या चुका टाळा

राजा डंकनचा खून करून गादी बळकावणाऱ्या सरदाराच्या, म्हणजे शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’ या नाटकातील काळ या विषयावरचे निबंध मी बरीच वर्षे तपासत आले आहे आणि त्यांतील चुका आता मला विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरांपेक्षाही परिचयाच्या झाल्या आहेत.

सर्वांत जुनी चूक म्हणजे मूळ संहितेत ‘टाइम’ दिसला की डोळे मिटून ‘काळ’ लिहिणे. शेक्सपियर त्या एका शब्दात क्षण, अवधी, योग्य घटका आणि चालू जमाना हे सारे बसवतो. ‘ती वेळ आली’ आणि ‘तो वेळ गेला’ यांत नुसत्या लिंगाने अर्थ बदलणाऱ्या आणि ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे सहज म्हणणाऱ्या मराठी माणसाला खरे तर हा भेद शिकवावा लागू नये. तरीही एका विद्यार्थ्याने, शेवटच्या प्रवेशात मॅकबेथचे मुंडके घेऊन आलेला त्याचा शत्रू मॅकडफ ‘द टाइम इज फ्री’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘आता सर्वांना मोकळा वेळ मिळाला’ असा लावला आणि शांततेच्या राज्यात माणसाला फुरसत कशी लाभते यावर पाऊण पान खर्ची घातले. मी आधी हसले, मग चिडले. मागच्यापुढच्या चार ओळी वाचल्या असत्या, तर जुलमी राजाच्या तावडीतून सुटलेला देश त्याला दिसला असता. तेव्हापासून मी समासात पेन्सिलने ‘वे’, ‘का’ किंवा ‘ज’ असे अक्षर मांडते : वेळ, काळ की जमाना. ही पद्धत नव्हे, माझी सवय आहे. पण जगाला फसवायचे तर जगासारखेच दिसावे, असे लेडी मॅकबेथ नवऱ्याला बजावते (मूळात दोन्ही ‘जगां’च्या जागी ‘टाइम’च आहे) तेथे ‘ज’ लिहिताना हात थबकतो आणि ते थबकणे निबंधाच्या कामी येते.

दुसरी चूक पाचव्या अंकातील ‘उद्या, आणि उद्या, आणि उद्या’ या भाषणाची. (ते काटेकोर अर्थाने स्वगतही नव्हे, राणी, म्हणजे लेडी मॅकबेथ, गेल्याची बातमी देणारा सेवक सेटन समोर उभा असतो.) मार्गदर्शिकेतून ते सुटे उचलायचे, आयुष्य निरर्थक आहे असे शेक्सपियरचे मत असल्याचे ठोकून द्यायचे आणि मोकळे व्हायचे, हा घाईचा मार्ग नवशिक्यांना फार प्रिय आहे. ते मत शेक्सपियरचे नसून मॅकबेथचे आहे, आणि तेही हरत चाललेल्या मॅकबेथचे. त्याआधी पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश उघडावा. पाहुणा म्हणून येणारा राजा डंकन येथून कधी निघणार, असे लेडी मॅकबेथ विचारते. ‘उद्या, असा त्याचा बेत आहे,’ असे मॅकबेथ सांगतो. आणि तो ‘उद्या’ सूर्याला कधीच दिसणार नाही, असे ती म्हणते. भविष्य याच क्षणी अनुभवत असल्याचे तिने नुकतेच सांगितलेले असते. ज्यांनी एक उद्या मारला, त्यांच्यातल्या एकावर पुढे न संपणारे उद्या मोजण्याची पाळी येते. हे दोन प्रवेश शेजारी ठेवल्याशिवाय त्या भाषणावर एकही वाक्य लिहू नये, असे माझे हट्टाचे मत आहे.

बाकीच्या चुका किरकोळ आहेत. इतिहासातील मॅकबेथने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राज्य केले, हे सांगून नाटकातील घटनांची दिनदर्शिका आखू नये. शेक्सपियरने तो अवधी मुद्दाम आवळून घेतला आहे. नाटक आखूड आहे म्हणून त्यात घाई आहे, हा युक्तिवादही जपून करावा, कारण आपल्यापुढची संहिता १६२३ साली प्रथम छापली गेली आणि ती काटछाट झालेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मॅकबेथला राजपदाचे भाकीत सांगणाऱ्या चेटकिणींना, काळाची बीजे दिसत असतील तर मलाही सांगा, असे म्हणून गप्प राहणारा त्याचा सोबती सेनानी बँको मात्र निबंधातून गाळू नये. थांबू शकणारा माणूस शेजारी असल्यानेच मॅकबेथची घाई उठून दिसते.

झोपेत चालण्याचा प्रवेश ‘अपराधभावना’ या प्रश्नासाठी राखून ठेवणारेही बरेच असतात. तेथे लेडी मॅकबेथ ‘एक, दोन, चला, करायची वेळ झाली’ असे पुटपुटते. दुसऱ्या अंकात मॅकबेथला डंकनच्या खोलीकडे बोलावणारी घंटा झाली होती. बाई ते टोले अजून मोजते आहे.