हरलेल्या हंगामाचा अहवाल कसा लिहावा

कोकणातील कबड्डी मंडळांच्या स्मरणिका चाळल्या की जिंकलेल्या चषकांची छायाचित्रे पानोपानी दिसतात. संघ ज्या वर्षी पहिल्याच फेरीत बाद होत राहिला, त्या वर्षाची मात्र एक ओळही सापडत नाही. हे मोठे नुकसान आहे, कारण संघ नेमका कुठे कमी पडतो हे पराभवाच्या वर्षातच सर्वांत स्पष्ट कळते. असा अहवाल लिहू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्याने कॅनडातील व्यावसायिक आइस हॉकीच्या सुरुवातीच्या काळातील एक हंगाम समोर ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

१९१७ साली स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये १९१९-२० च्या हंगामात अवघे चार संघ होते. त्यांपैकी क्यूबेकच्या संघाने २४ सामन्यांपैकी ४ जिंकले आणि २० गमावले. त्याने ९१ गोल केले आणि त्याच्यावर १७७ गोल झाले. आपल्या अहवालाचे पहिले वाक्यही असेच असावे: किती सामने खेळलो, किती हरलो, किती गुण मिळवले आणि किती दिले. ‘नशिबाने साथ दिली नाही’ हे वाक्य या जागी येता कामा नये.

त्यानंतर ही बेरीज फोडावी. तो हंगाम दोन भागांत खेळवला गेला आणि दोन्ही भागांत क्यूबेकची कामगिरी सारखीच राहिली: २ विजय, १० पराभव. म्हणजे संघ मध्येच ढासळला असे म्हणायला जागा उरत नाही. तो आरंभापासून दुबळा होता. आपल्याकडे दिवाळीनंतर सुरू होणारा हंगाम शिमग्यापूर्वीचा आणि शिमग्यानंतरचा असा विभागून पाहावा, कारण सणाला आलेले चाकरमानी खेळाडू परत गेले की संघ बदलतो आणि दोन वेगळ्या संघांचे पराभव एकाच रकान्यात मोजले जातात.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या तुलनेला. विजेत्या ओटावाने १२१ गोल केले होते, म्हणजे क्यूबेकपेक्षा ३० अधिक. परंतु ओटावावर केवळ ६४ गोल झाले, म्हणजे क्यूबेकपेक्षा तब्बल ११३ कमी. पराभवाचे मूळ आक्रमणात कमी आणि बचावात कितीतरी अधिक होते, हे या दोन वजाबाक्या सांगतात. कबड्डीत हेच काम चढाईचे गुण आणि पकडीचे गुण वेगळे मांडून करावे. समजा, मध्यंतराला आपण १४-११ असे पुढे होतो आणि सामना २३-३१ असा हरलो. गुणपत्रक उघडून दुसऱ्या सत्रातील प्रत्येक चढाई क्रमाने वाचावी: डावा कोपरारक्षक कोणत्या क्षणी बाद झाला, त्याच्याशिवाय किती चढाया गेल्या, आणि लोण नेमका त्याच काळात बसला का. लोणाचे दोन जादा गुण आणि त्यापूर्वी एकामागून एक बाद झालेले गडी यांची नोंद शेजारीशेजारी आली की कारण कागदावर दिसते आणि कोणा एका खेळाडूकडे बोट दाखवण्याची गरज राहत नाही.

पराभूत संघातील उत्तम खेळ झाकू नये. तो सांत्वन म्हणूनही लिहू नये. त्या हंगामात संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ‘जो मालोन’ हा याच तळाच्या क्यूबेकचा होता. त्याने ३९ गोल केले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी टोरांटोविरुद्ध एकाच सामन्यात ७ गोल मारले. एका सामन्यातील गोलांचा तो विक्रम लीगमध्ये आजही मोडलेला नाही. क्यूबेकने तो सामना १०-६ असा जिंकला. संघाच्या ९१ गोलांपैकी ३९ एकाचे, हे वाचताना मालोनची थोरवी जशी कळते तशीच इतरांची उणीवही कळते. आपल्या अहवालात चांगल्या चढाईपटूचे गुण संघाच्या एकूण गुणांशेजारीच लिहावेत.

कारणे लिहिताना कागदावर आधार असलेली तेवढीच लिहावीत. क्यूबेकचा संघ लीगच्या पहिल्या दोन हंगामांत खेळलाच नव्हता, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. तसेच आपल्याकडे कोणता खेळाडू कोणत्या सामन्याला नव्हता हे तारखेसह लिहावे. पंचांविषयीची तक्रार लेखी नोंदवलेली असेल तरच ती घ्यावी.

हंगामानंतर काय झाले, हेही अहवालाचाच भाग आहे. १९२० मध्ये क्यूबेकचा संघ हॅमिल्टनला हलवण्यात आला आणि तेथेही पुढच्या हंगामात तो तळालाच राहिला. संघाचे गाव बदलले, तरी निकाल बदलला नाही. आपला कोणता खेळाडू दुसऱ्या मंडळाकडे गेला, कोणी खेळ सोडला, हे राखीव खेळाडूंसह सर्वांच्या पूर्ण नावांनिशी लिहावे.

गुणपत्रकांची छायाचित्रे सामना संपताच काढून घ्यावीत, कारण मैदानावर दव पडते आणि शाई फुटते. मूळ कागद मे महिन्यात उन्हात वाळवून पत्र्याच्या पेटीत वेखंडासह ठेवावेत. अहवालाची एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक मुंबईच्या मंडळाकडे द्यावी. ती पुढच्या हंगामाची संघनिवड होण्यापूर्वी पोहोचावी, म्हणजे बचावासाठी कोणाला घ्यायचे याची चर्चा आकडे समोर ठेवून होईल.